मोजायचं ते कुणासाठी?

मनोरुग्णालयात एखाद्या रुग्णाला बांधावं लागलं, तर पुढे काय व्हायला हवं, हे २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात बारकाईनं लिहिलेलं आहे. कलम ९७. एकट्याला कोंडून ठेवायला तर बंदीच आहे. बांधायचं ते फक्त रुग्णाला किंवा इतरांना होणारी तातडीची इजा टाळायचा दुसरा कुठलाच मार्ग उरला नसेल तेव्हा, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीनं आणि अगदी गरजेपुरतंच. शिक्षा म्हणून बांधायचं नाही, धाक बसावा म्हणून नाही, आणि ‘आज ड्यूटीला माणसं कमी आहेत’ म्हणूनही नाही. का बांधलं, कसं बांधलं, किती वेळ बांधलं, ते केसपेपरवर उतरवायचं. रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला चोवीस तासांत कळवायचं. आणि अशा सगळ्या प्रसंगांचा अहवाल महिन्याच्या महिन्याला मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे पाठवायचा.

या कायद्याच्या मसुद्यात पुण्याचा मोठा हात आहे. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या इंडियन लॉ सोसायटीचं ‘सेंटर फॉर मेंटल हेल्थ लॉ अँड पॉलिसी’ आणि त्याचे संचालक, मानसोपचारतज्ज्ञ डॉ. सौमित्र पठारे यांनी त्या कामात केंद्र सरकारला साहाय्य केलं. ज्या शहरात येरवड्याचं २,५४० खाटांचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे आणि उपनगरांतून खासगी मनोरुग्णालयांच्या नि व्यसनमुक्ती केंद्रांच्या पाट्या वाढत चालल्या आहेत, त्याच शहरातल्या लोकांनी या नियमांवर डोकं चालवलं. दारू आणि अमली पदार्थांचं व्यसनही या कायद्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत येतं. त्यामुळे व्यसनमुक्ती केंद्रांचीही त्यातून सुटका नाही. सगळ्याच केंद्रचालकांच्या हे पचनी पडलेलं दिसत नाही, ती गोष्ट वेगळी.

आता तो मासिक अहवाल बघा. आकडा तयार होतो, सही-शिक्क्यानिशी वर जातो, जावक रजिस्टरला नोंद होते आणि फाइल कपाटात. ज्या वॉर्डात ते सगळं घडलं, तिथल्या सिस्टरला, रात्रपाळीच्या मामांना, मावशींना तो आकडा पुन्हा दिसतच नाही. तपासणीसाठी ठेवलेली नोंद आणि सुधारण्यासाठी ठेवलेली नोंद यांतला फरक इथेच पडतो. पहिली आपल्याकडे उदंड आहे. दुसरी कशी ठेवतात, तिच्यातून काय वाचायचं आणि तिची सवय संस्थेत कशी मुरते, ते पाहू.

पद्धत मुळात कारखान्यातली. अमेरिकेत बेल टेलिफोनच्या कामात असलेल्या वॉल्टर श्यूहार्ट या संशोधकानं १९२४ मध्ये उत्पादनातले चढउतार वाचण्यासाठी एक आलेख काढला. डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी त्याचं काम पुढे नेलं, १९५० मध्ये ते जपानी इंजिनियरांना जाऊन शिकवलं, आणि तिथून फिरत फिरत ते आपल्या भोसरी-चिंचवडला आलं. तिथल्या कामगाराला कायझेन, क्वालिटी सर्कल हे शब्द तोंडपाठ असतात. गाभा चार पायऱ्यांचा: काय करून बघायचं ते ठरवा, लहान प्रमाणात करा, काय झालं त्याचा अभ्यास करा, मग ते ठेवा, बदला किंवा सोडून द्या. आणि पुन्हा पहिल्या पायरीवर या.

यावर मानसोपचारातली माणसं एक आक्षेप घेतात, आणि तो रास्त आहे. नटाचं माप ड्रॉइंगवर दिलेलं असतं. नैराश्यातून वर येणाऱ्या बाईचं माप कुठल्या ड्रॉइंगवर बघायचं? मन बरं होणं मोजायला अवघड आहे, हे खरंच. पण त्या बरं होण्याच्या वाटेवरच्या कितीतरी गोष्टी अगदी बोटांवर मोजता येतात. क्लोझापिन हे औषध इतर औषधांना दाद न देणाऱ्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना गुण देतं, पण क्वचित रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटवतं. म्हणून पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासायचं असतं. वॉर्डात आज क्लोझापिन चालू असलेल्यांपैकी किती जणांचा या आठवड्याचा रिपोर्ट केसपेपरला लावलेला आहे? हे सांगायला कुणाच्या मनात शिरावं लागत नाही.

तर एक वॉर्ड डोळ्यांसमोर आणू. कुठलाही खरा नाही, समजायला सोपा म्हणून. पुरुषांचा, चाळीस खाटांचा. बांधून ठेवण्याचे प्रसंग कमी करायचे, असं इन्चार्ज सिस्टर आणि डॉक्टरांनी ठरवलं आहे.

पहिली अडचण मोजायला लागण्याआधीच येते. बांधणं म्हणजे नेमकं काय? पट्ट्यांनी कॉटला बांधलं, ते उघडच. पण इंजेक्शन द्यायला तिघांनी मिळून पाच मिनिटं धरून ठेवलं, ते धरायचं का? नातेवाइकानं आपल्या ओढणीनं मनगट बांधलं, ते? सकाळपाळीनं एक धरलं आणि रात्रपाळीनं दुसरं, तर महिनाअखेरीला जो आकडा येईल त्याला काही अर्थ नाही. म्हणून व्याख्या चार ओळींत लिहून भिंतीवर लावायची. बहुतेक उपक्रमांचा बोजवारा या कंटाळवाण्या कामाला बगल दिल्यामुळे उडतो, असं माझं मत आहे.

मग भाजक. वॉर्ड कधी भरलेला असतो, कधी अर्धा रिकामा, म्हणून नुसती प्रसंगांची संख्या फसवते. चाळीस खाटा तीस दिवस भरलेल्या असतील तर १,२०० खाटा-दिवस झाले. त्यात नऊ प्रसंग घडले, म्हणजे हजार खाटा-दिवसांमागे साडेसात. पुढच्या महिन्यात सहाच प्रसंग घडले, पण वॉर्डात सरासरी वीसच रुग्ण होते, तर हजारामागे दहा. वरवर सुधारणा दिसली, प्रत्यक्षात घसरण झाली.

हे आकडे आठवड्याला एक ठिपका याप्रमाणे आलेखावर मांडायचे आणि मध्यकाची आडवी रेघ ओढायची. ठिपके रेघेच्या वरखाली होणारच. एखादा वर गेला की साहेबांनी मेमो काढायचा आणि खाली आला की पेढे वाटायचे, हा आपला शिरस्ता; पण त्या एकेका हेलकाव्यात बहुधा काहीच नसतं. रूढ नियम असा की ओळीनं सहा किंवा अधिक ठिपके रेघेच्या एकाच बाजूला पडले, तर काहीतरी खरोखर बदललंय असं धरावं. तोवर धीर धरायचा. सरकारी असो वा खासगी, कुठल्याही कचेरीत हा धीर अंगी बाणवणं आलेख काढण्यापेक्षा अवघड.

आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवावी लागते: मोजणी प्रामाणिकपणे सुरू झाली की आकडा आधी वाढतो. प्रसंग वाढलेले नसतात, लपणं थांबलेलं असतं. नेमका त्याच वेळी वरून ‘तुमच्या वॉर्डात एवढे कसे?’ असा फोन आला, तर खेळ खलास. पुढच्या महिन्यापासून आकडा छान दिसेल, आणि त्यावर विश्वास ठेवण्यात काही हशील नसेल.

समजा, तसा फोन आला नाही. नोंदीत वेळ लिहायची सवय लागल्यावर दिसलं की बरेचसे प्रसंग संध्याकाळी सहा ते आठच्या दरम्यान घडतात. का? हे डॉक्टरांच्या राउंडला कळणार नाही, कारण ते त्या वेळी वॉर्डात नसतात. मामांना विचारलं तर ते सांगतील: चारचा चहा झाल्यावर जेवणापर्यंत काहीच नसतं, टीव्हीच्या रिमोटवरून वाद पेटतात, पाळी बदलताना दोन्हीकडची माणसं हँडओव्हरमध्ये अडकलेली असतात, शिवाय तंबाखूची तलफ असतेच, तिचं भरती करताना कुणी विचारलेलंच नसतं. मग एकच गोष्ट करून बघायची. उद्या संध्याकाळी, फक्त एका पाळीत, हँडओव्हर चालू असताना एक मावशी आणि एक रुग्ण मिळून कॅरमचा डाव मांडतील. बस्स. झालं काय ते दुसऱ्या दिवशी सकाळी उभ्या उभ्या बोलायचं. जमलं तर आठवडाभर, नाही जमलं तर दुसरं काही. लहान प्रयोग फसला तरी कुणाची अब्रू जात नाही. एकदम अख्ख्या इमारतीसाठी परिपत्रक काढलं की ते फसलं असं कबूल करायची सोयच उरत नाही.

याला एक उलटतपासणी जोडावीच लागते. बांधण्याचे प्रसंग घटले, पण गुंगीची इंजेक्शनं वाढली, तर रुग्णाच्या पदरात काय पडलं? दोरीच्या जागी सुई आली, एवढंच. म्हणून तक्त्यावर दोन्ही आकडे शेजारी शेजारी हवेत.

हे सगळं कागदावरच राहत नाही, याचा एक चांगला दाखला पूर्व लंडनचा आहे. तिथल्या सरकारी मानसिक आरोग्य सेवेनं टॉवर हॅम्लेट्स भागातल्या सहा वॉर्डांत हाणामारीचे प्रसंग कमी करण्याचं काम हाती घेतलं. अधिकाच्या चिन्हासारख्या आकाराचं महिन्याचं कॅलेंडर भिंतीवर लावलं, दिवस पार पडला की त्याचा चौकोन रंगवायचा: मारहाण झाली तर लाल, काहीच नाही तर हिरवा. दिवसातून काही मिनिटं सगळे उभ्यानं जमायचे आणि आज कोण अस्वस्थ आहे, कशानं आहे, कोण त्याच्याशी बोलेल, हे ठरवायचं. आठवड्याच्या बैठकीत रुग्णांशीही त्या कॅलेंडरवर चर्चा व्हायची. हाणामारीचं प्रमाण हजार खाटा-दिवसांमागे १२.१ वरून ७.२ वर आलं, म्हणजे चाळीस टक्के घट. मला यातली सर्वांत धाडसाची गोष्ट वाटते ती ही, की तक्ता रुग्णांच्या डोळ्यांसमोर होता. आपल्याकडे वॉर्डात काय घडलं ते आधी रुग्णांपासून, मग नातेवाइकांपासून आणि शेवटी वरिष्ठांपासून झाकायची रीत आहे.

पण लंडन कशाला, पुण्यातल्याच लोकांनी शेजारच्या राज्यात केलेलं काम याहून जवळचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१२ मध्ये ‘क्वालिटीराइट्स’ नावाचं साधन तयार केलं. मानसिक आरोग्याच्या संस्थेची पाहणी पाच विषयांवर करायची: राहणीमान, उपचारांचा दर्जा, स्वतःचे निर्णय स्वतः घेण्याचा हक्क, छळ आणि अपमानापासून संरक्षण, समाजात मिसळून जगण्याची संधी. गुण नाहीत, चार पातळ्या आहेत: पूर्ण साध्य, अंशतः साध्य, सुरुवात झालेली, सुरुवातही नाही. पठारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ पासून गुजरातेतल्या सहा सरकारी संस्थांमध्ये हे राबवलं आणि तुलनेसाठी आणखी तीन संस्था घेतल्या. वर्षभरानं त्या सहांमध्ये सेवेचा दर्जा आणि कर्मचाऱ्यांची रुग्णांकडे बघायची नजर, दोन्ही सुधारल्याचं आढळलं. रुग्णांचं समाधानही वाढलेलं दिसलं. ते निष्कर्ष २०१९ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ सायकियाट्रीत छापून आले.

या साधनाची खरी ताकद पाहणी पथकात आहे. त्यात डॉक्टर-वकिलांबरोबर स्वतः मानसिक आजारातून गेलेली माणसं आणि कुटुंबीय बसतात. डॉक्टर औषधांचा साठा बघतो. जो माणूस कधीकाळी अशाच वॉर्डात राहिला आहे, तो आधी संडासाच्या दाराला कडी आहे का ते बघतो. स्वतःचे कपडे घालू देतात का, घरी फोन करायचा तर कुणाच्या हातापाया पडावं लागतं, पलंगाशेजारी चष्मा ठेवायला जागा आहे का, हे तो विचारतो. तपासनीसाच्या यादीत यातलं काही नसेलच असं नाही, पण तो टिकमार्क करून पुढे जातो.

ज्याच्यावर उपचार झाले त्यालाच उपचाराच्या दर्जाचा राखणदार करायचं, ही गोष्ट पुण्यानं याच्या कितीतरी आधी करून दाखवली आहे. लेखक-पत्रकार अनिल अवचटांनी गर्दच्या (ब्राऊन शुगरच्या) व्यसनावर लिहिलेले लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी देणगी दिली, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं, तेही येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात. कारण अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट तिथेच मानसोपचारतज्ज्ञ होत्या. पाच आठवड्यांचा मुक्काम, समूहोपचार, योग, संगीत, नंतरचा पाठपुरावा, बायकांसाठी ‘सहचरी’ गट. पण यंत्रणा म्हणून बघितलं तर मुक्तांगणची मोठी चाल म्हणजे, व्यसनातून बाहेर पडलेल्या रुग्णमित्रांनाच तिथले कार्यकर्ते करणं. उपचारातलं कुठलं वाक्य पोकळ आहे, कुठल्या वेळी तलफ येते, घरून आलेला कुठला फोन माणसाला ढासळवतो, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागत नाही. आणि नवा रुग्ण जे डॉक्टरला सांगणार नाही, ते तो त्यांना सांगतो. संस्थेला तिच्या चुका कळायची वाट अशी रोजच्या कामातच खणलेली असली, की वेगळी ‘फीडबॅक पेटी’ लागत नाही. कित्येक ठिकाणी त्या पेटीला कुलूप असतं, आणि किल्ली कुणाकडे आहे ते कुणालाच माहीत नसतं.

१९९७ मध्ये डॉ. अनिता अवचट गेल्या. अशा संस्था पुष्कळदा संस्थापकाच्या माणुसकीवर चालतात आणि त्याच्यामागे वठतात. मुक्तांगण तसं वठलं नाही; त्यांच्या कन्या मुक्ता पुणतांबेकरांनी ते पुढे नेलं, आज त्याला स्वतःची वास्तू आहे. प्रेमळपणा वारशानं मिळतोच असं नाही. रोजचं वेळापत्रक, सकाळच्या बैठका, ठरलेल्या दिवशी ठरलेल्या गटानं भेटणं, हे मात्र पुढच्या माणसाच्या हाती देता येतं.

व्यसनमुक्तीत मोजमापाचा सर्वांत मोठा सापळा पाठपुराव्यात आहे. व्यसनमुक्तीचा वाढदिवस साजरा करायला जो येतो तो बहुधा सावरलेलाच असतो. जो पुन्हा प्यायला लागला तो येत नाही, फोन उचलत नाही, बायको ‘बाहेर गेलेत’ सांगते. आलेल्यांनाच मोजलं तर कुठल्याही केंद्राचं यश डोळे दिपवणारं निघेल. ‘९० टक्के यश’ असं छापणाऱ्या केंद्राला एवढंच विचारावं, की हे नव्वद कुठल्या शंभरांतले? भरती झालेल्या, मुक्काम पुरा केलेल्या, की वर्षानंतर सापडलेल्या शंभरांतले? मुळात उपचारापर्यंत पोचणारेच मूठभर. केंद्र सरकारसाठी एम्सनं केलेल्या २०१९च्या राष्ट्रीय पाहणीनुसार, दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या ३८ जणांत एकालाच काही ना काही उपचार मिळाला होता. जे आले त्यांतले हरवलेले तरी मोजायलाच हवेत.

मनोरुग्णालयातून घरी गेल्यानंतरचे पहिले काही दिवस तर जिवाच्या दृष्टीनं धोक्याचे असतात, हे जगभर दिसलेलं आहे. त्यामुळे ‘डिस्चार्जनंतर सात दिवसांत किती जण पुन्हा दिसले?’ हे अनेक देशांत महत्त्वाचं माप मानतात. आपल्या त्या काल्पनिक वॉर्डानं हे हाती घेतलं तर पहिला प्रयोग एकाच रुग्णावर होईल. समजा तो इंदापूरकडचा आहे. तिसऱ्या दिवशी सिस्टर फोन लावते, तर केसपेपरवरचा नंबर भावाचा, आणि भाऊ कामाला चाकणला. म्हणजे पहिला धडा: डिस्चार्जच्या दिवशी दोन नंबर घ्यायचे आणि समोरच लावून बघायचे. मग कळतं की तारीख गुरुवारची दिली आहे, एसटीनं येऊन ओपीडी आटोपेपर्यंत दिवस जातो आणि सोबत येणाऱ्या वडिलांचा रोज बुडतो. दुसरा धडा: तारीख आपण द्यायची नाही, त्यांना विचारायची, आणि जवळच्या सरकारी रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून औषधं मिळत असतील तर चिठ्ठी तिथली द्यायची. ‘रुग्ण पाठपुराव्याला येत नाहीत, त्यांना गांभीर्य नाही’ हे वाक्य असं एकेका फोननंतर विरत जातं.

आता प्रमुखाविषयी. वॉर्डात आत्महत्येचा प्रयत्न झाला की पहिला प्रश्न येतो, ‘ड्यूटीवर कोण होतं?’ त्या प्रश्नाचं उत्तर मिळतं, मेमो निघतो, एखादी सिस्टर बदलून जाते, आणि ज्या खोलीमुळे, ज्या वेळापत्रकामुळे ते घडू शकलं ते जिथल्या तिथे राहतं. डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड आरोग्यसंस्थेनं २००१ मध्ये आपल्या नैराश्यसेवेचं ध्येय ठरवताना एकदम टोकाचं ठरवलं: आत्महत्या शून्य. हे अशक्य आहे म्हणणाऱ्यांना तिथे उलट विचारलं जायचं, की मग किती चालतील? पुढच्या वर्षांत तिथलं प्रमाण खूप खाली आलं. पण असं ध्येय चुकलेल्याला शोधून शिक्षा करणाऱ्या संस्थेत ठेवलं, तर फक्त नोंदी शून्य होतील. हयगय आणि क्रौर्य यांना माफी नसावी, व्यसनमुक्ती केंद्रांतल्या मारहाणीच्या बातम्या आपण वाचतोच. त्याखेरीज बाकी सगळं मोकळेपणानं सांगता यावं, आणि जिनं सांगितलं तिच्या पुढच्या महिन्याच्या ड्यूट्या बिघडू नयेत, एवढी हमी प्रमुखालाच द्यावी लागते. ती परिपत्रकातून देता येत नाही. पहिली वाईट बातमी घेऊन जी सिस्टर केबिनमध्ये येते, तिला काय वागणूक मिळाली, हे संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीला ठाऊक झालेलं असतं.

तुमच्या घरच्या कुणाला अशा संस्थेत दाखल करायची वेळ आली, तर गार्डन आणि एसी खोल्या बघून झाल्यावर इन्चार्जना थोडं विचारून बघा. गेल्या महिन्यात इथे किती जणांना बांधावं लागलं, आणि त्याआधीच्या महिन्यात? घरी गेलेल्यांशी तुम्ही पहिल्यांदा कधी बोलता? रुग्णांनी सांगितल्यामुळे अलीकडे इथे काय बदललं? पुनरावलोकन मंडळाचा पत्ता आणि फोन नंबर दर्शनी जागी लावणं कायद्यानं बंधनकारक आहे. तो बोर्ड कुठे आहे तेही विचारा. ‘आमच्याकडे असलं काही होतच नाही’ असं उत्तर आलं तर तिथे कुणी मोजत नाही असं समजा. ‘गेल्या महिन्यात चार, त्यातले दोन टाळता आले असते’ असं कुणी म्हणालं, तर त्या माणसाशी आणखी दहा मिनिटं बोला.